समोरचा दरवाजा

१९४० च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, तुर्कस्तानचे राजदूत म्हणून मुनीर एर्तेगुन राहत होते. त्यांचे दोन मुलगे, नेसुही आणि अहमद, जाझ संगीताचे वेडे होते. त्या काळी त्या शहरात गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका टेबलावर बसून जेवणे किंवा एका सभागृहात शेजारी बसून गाणे ऐकणे जवळजवळ अशक्य होते. या दोन भावांनी मात्र काळ्या वादकांना थेट राजदूताच्या निवासस्थानी बोलवायला सुरुवात केली. रविवारी दुपारी सगळ्यांचे एकत्र जेवण व्हायचे आणि मग वादनाची बैठक रंगायची. दक्षिणेकडच्या एका सिनेटरला हे खटकले. काळी माणसे समोरच्या दरवाजाने आत जाताना दिसतात, अशी तक्रार त्याने राजदूतांना लिहून कळवली. मुनीर एर्तेगुन यांनी उत्तर पाठवले की, आमच्या घरी मित्र समोरच्या दरवाजानेच येतात. आपण येणार असाल तर आपली मागच्या दरवाजाने सोय करता येईल.

अहमद एर्तेगुन ही आठवण पुढे आयुष्यभर सांगत असत. वडिलांचे १९४४ साली निधन झाले, पण अहमद अमेरिकेतच राहिले. १९४७ साली त्यांनी हर्ब अब्रामसन यांच्या साथीने ‘अटलांटिक रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली. त्यासाठी कुटुंबाच्या ओळखीच्या एका तुर्की दंतवैद्याकडून दहा हजार डॉलर घेतले होते. रूथ ब्राऊन, रे चार्ल्स, अरिथा फ्रँकलिन यांची गाणी याच कंपनीने जगभर पोहोचवली. आणि १९८३ साली ज्या मंडळींनी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेची पायाभरणी केली, त्यांत पुढाकार याच अहमद एर्तेगुन यांचा होता. ‘हॉल ऑफ फेम’ला आपण मराठीत कीर्तिमंदिर म्हणू. राजदूताच्या घरात समोरच्या दरवाजाचा आग्रह धरणाऱ्या बापाच्या मुलाने उभ्या केलेल्या या कीर्तिमंदिराला मात्र आज एकाहून अधिक दरवाजे आहेत. त्यांतल्या कोणत्या दरवाजाने कोण आत गेले, हा या लेखाचा विषय आहे.

दरवर्षी या संस्थेची नवी यादी जाहीर झाली की अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वाद पेटतो. अमका का आला, तमका का राहिला, रॅप म्हणजे रॉक आहे काय, डिस्कोवाल्यांचे येथे काय काम, असे प्रश्न वर्तमानपत्रांत आणि नभोवाणीवर महिनोन् महिने चघळले जातात. हा वाद मला निरर्थक वाटत नाही. पण तो बहुधा चुकीच्या ठिकाणी अडकतो. आत कोण आणि बाहेर कोण, एवढेच त्यात मोजले जाते. आत घेताना कोणाला कोणत्या नात्याने घेतले, हे कोणी फारसे विचारत नाही. माझ्या मते खरा अन्याय तेथे घडतो.

आधी या मंदिराची रचना समजून घेऊ. पहिला समारंभ जानेवारी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात झाला. त्या वर्षी मुख्य कलावंत म्हणून दहा नावे निवडली गेली. चक बेरी, जेम्स ब्राऊन, रे चार्ल्स, सॅम कुक, फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड, एल्विस प्रेस्ली, बडी हॉली, जेरी ली लुईस आणि एव्हर्ली बंधू. दहांपैकी सहा नावे काळ्या कलावंतांची आहेत, ही गोष्ट मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. पण या दहांत एकही स्त्री नाही. पहिली स्त्री, अरिथा फ्रँकलिन, पुढच्या वर्षी म्हणजे १९८७ साली आत आली. संस्थेची इमारत नंतर झाली. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात, ईरी सरोवराच्या काठावर, वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी काचेच्या पिरॅमिडसारखी वास्तू उभारली आणि सप्टेंबर १९९५ मध्ये संग्रहालय खुले झाले. क्लीव्हलँडची निवड होण्यामागे एक कारण होते. याच शहरात अॅलन फ्रीड या निवेदकाने १९५० च्या दशकाच्या आरंभी नभोवाणीवरून काळ्यांचे संगीत सर्वांना ऐकवले आणि ‘रॉक अँड रोल’ हे नाव लोकांच्या तोंडी बसवले.

निवडीची पद्धत अशी आहे. कलावंताची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात येऊन पंचवीस वर्षे झाली की तो पात्र ठरतो. एक नामांकन समिती दरवर्षी पंधराएक नावांची मतपत्रिका तयार करते. ती हजाराहून अधिक मतदारांकडे जाते. हे मतदार म्हणजे संगीताचे इतिहासकार, ध्वनिमुद्रण व्यवसायातील माणसे आणि पूर्वी आत गेलेले कलावंत. २०१२ पासून चाहत्यांनाही मत देता येते, पण लाखो चाहत्यांची मिळून एकच मतपत्रिका धरली जाते. ज्यांना सर्वाधिक मते पडतात ते ‘कलावंत’ या विभागात आत जातात. हा समोरचा दरवाजा.

याखेरीज बाजूचे तीन दरवाजे आहेत. एक ‘प्रभाव’ या नावाचा. पूर्वी त्याला ‘आरंभीचे प्रभाव’ म्हणत, नंतर नुसते ‘सांगीतिक प्रभाव’ झाले. दुसरा ‘सांगीतिक श्रेष्ठत्व’ या नावाचा. हा २००० साली साथीदार वादकांसाठी उघडला होता, नंतर त्याचे नाव आणि व्याप्ती दोन्ही बदलली. तिसरा पडद्यामागच्या मंडळींचा, म्हणजे निर्माते, गीतकार, कंपनीचालक यांचा. २००८ पासून या तिसऱ्या विभागाला अहमद एर्तेगुन यांचेच नाव दिलेले आहे. या तीन दरवाजांसाठी मतदारांकडे जावे लागत नाही. समित्याच नावे ठरवतात.

आता एका गाण्याची कहाणी पाहू. विली मे थॉर्नटन ही अलाबामात जन्मलेली, धिप्पाड देहाची आणि खणखणीत आवाजाची गायिका. ‘बिग मामा’ थॉर्नटन या नावाने ती गाजली. जेरी लायबर आणि माइक स्टोलर या दोन पोरसवदा गोऱ्या गीतकारांनी तिला पाहून, तिच्यासाठी ‘हाउंड डॉग’ हे गाणे रचले. ऑगस्ट १९५२ मध्ये ते तिच्या आवाजात मुद्रित झाले आणि १९५३ साली काळ्यांच्या संगीताच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. बायकोच्या जिवावर जगणाऱ्या ऐतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचे ते गाणे आहे. त्यातला दरारा, मध्येच गुरगुरणे, मागे वाजणाऱ्या गिटारशी चाललेली तिची सवालजवाबासारखी झटापट, हे सारे तिने गाताना घातलेले आहे. कागदावर ते नव्हते. या गाण्यापोटी आपल्याला पाचशे डॉलरचा एकच धनादेश मिळाला, असे ती सांगत असे.

१९५६ साली हेच गाणे एल्विस प्रेस्लीने गायले. शब्द बरेच बदलले होते, बाई नाहीशी झाली होती, आणि नुसत्या कुत्र्याची गंमत उरली होती. ते जगभर खपले. पुढचा हिशेब वाचकांनीच करावा. गाणे गाऊन गाजवणारे प्रेस्ली १९८६ साली आत गेले. गाणे लिहिणारे लायबर आणि स्टोलर १९८७ साली आत गेले. आणि जिच्यासाठी ते लिहिले गेले, जिने त्याला पहिल्यांदा देह दिला, ती २०२४ साली आत गेली. १९८४ मध्ये ती वारली, म्हणजे मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. आणि गेली तीही ‘प्रभाव’ या दरवाजाने.

हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण ‘बॉल अँड चेन’ हे गाणे तर थॉर्नटनने स्वतःच लिहिले. १९६७ च्या माँटेरे महोत्सवात ते जॅनिस जॉप्लिनने गायले आणि एका रात्रीत तिचे नाव झाले. जॉप्लिन १९९५ साली ‘कलावंत’ म्हणून आत गेली. जॉप्लिनच्या थोरवीविषयी माझी तक्रार नाही, आणि थॉर्नटनचे ऋण ती स्वतः उघडपणे मान्य करीत असे. तक्रार आहे ती मंदिराच्या वहीवर. या वहीत शिष्या कलावंत आहे आणि गुरू ‘प्रभाव’ आहे.

दुसरे उदाहरण सिस्टर रोझेटा थार्प यांचे. १९१५ साली अर्कान्सा राज्यात जन्मलेल्या या बाई चर्चमधली भक्तिगीते विजेच्या गिटारवर वाजवीत. १९४० च्या दशकात, म्हणजे प्रेस्ली शाळेत होता त्या काळात, त्यांच्या बोटांत पुढच्या सगळ्या रॉक संगीताची बाराखडी होती. लिटल रिचर्ड पोरगेला असताना त्याला प्रथम मोठ्या मंचावर गायला लावले ते याच बाईंनी. त्या १९७३ साली फिलाडेल्फियात वारल्या. तीन दशकांहून अधिक काळ त्यांच्या कबरीवर नावाची शिळादेखील नव्हती. कीर्तिमंदिराने त्यांना २०१८ साली आत घेतले, ‘आरंभीचा प्रभाव’ म्हणून. लिटल रिचर्ड मात्र १९८६ च्या पहिल्याच तुकडीत होता.

‘प्रभाव’ हा शब्द वरवर फार आदराचा वाटतो. पूर्वज म्हटले की आपण मान लवतो. पण पूर्वज म्हणण्यात एक चलाखीही असते. ज्याला पूर्वज म्हटले त्याचे काम फक्त वाट तयार करण्याचे होते, त्या वाटेवरून चालणारे खरे दुसरेच, असे त्यातून सुचवले जाते. त्याच्या स्वतःच्या गाण्याचे मूल्यमापन करण्याची गरज उरत नाही. तो इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात जातो आणि तेथेच संपतो. पुढची सगळी प्रकरणे इतरांची. प्रास्ताविकात गौरव आणि मुख्य विवेचनात अनुल्लेख, ही रीत साहित्याच्या इतिहासांतही आढळते. या अंकाच्या वाचकांना ती उदाहरणे देऊन समजावण्याची गरज नाही.

शिवाय हा शब्द कालक्रमाच्याही कसोटीला उतरत नाही. रॉबर्ट जॉन्सन हा ब्लूज गायक १९३८ साली वारला. त्याला १९८६ साली ‘आरंभीचा प्रभाव’ म्हटले ते समजू शकते, कारण रॉक अँड रोल नावाची वस्तूच त्याने पाहिली नव्हती. पण थॉर्नटनचे गाणे १९५३ चे. चक बेरीची पहिली ध्वनिमुद्रिका १९५५ ची. दोन वर्षांच्या अंतराने एक पूर्वज आणि दुसरा कलावंत कसा ठरतो? यापेक्षा नवलाची गोष्ट २०२५ सालची. सॉल्ट-एन-पेपा या रॅप गाणाऱ्या स्त्रियांच्या चमूचा पहिला संग्रह १९८६ चा आहे. म्हणजे कीर्तिमंदिराचा पहिला समारंभ झाला त्याच वर्षीचा. त्यांनाही ‘सांगीतिक प्रभाव’ म्हणून आत घेतले. त्याच समारंभात आउटकास्ट ही रॅप जोडी ‘कलावंत’ म्हणून आत गेली. आउटकास्टची योग्यता निर्विवाद आहे. पण ज्या स्त्रिया आजही मंचावर गातात त्यांना पूर्वजांच्या ओळीत बसवण्याचे कारण काय?

येथे संस्थेची बाजूही ऐकली पाहिजे. समितीचे समर्थक म्हणतात की, मतदारांना जुनी नावे ठाऊक नसतात. वर्षानुवर्षे नामांकन करूनही मते पडत नाहीत. कलावंत म्हातारे होतात, मरतात. अशा वेळी बाजूचा दरवाजा ही एक दयाळू सोय आहे. यात तथ्य आहे. ‘शिक’ या चमूचे अकरा वेळा नामांकन झाले आणि अकराही वेळा तो हरला. शेवटी २०१७ साली त्याचे सूत्रधार नाइल रॉजर्स यांना एकट्यांना ‘सांगीतिक श्रेष्ठत्व’ या विभागातून घेतले. जर्मनीचा ‘क्राफ्टवेर्क’ हा यंत्रसंगीताचा चमू वारंवार हरून २०२१ साली ‘प्रभाव’ म्हणून आला. एल. एल. कूल जे हा रॅप गायक त्याच वर्षी, चाका खान २०२३ साली, दोघेही वारंवार हरून ‘श्रेष्ठत्वा’च्या दरवाजाने आले. आणखी एक युक्तिवाद असा की, एकदा आत आले की सगळे सारखे. भिंतीवर नाव लागते, मग दरवाजाची चौकशी कशाला?

पहिल्या युक्तिवादाला माझे उत्तर असे. बाजूच्या दरवाजाने आलेल्या या नावांकडे पुन्हा एकदा पाहावे. काळ्या स्त्रिया, रॅपवाले, डिस्कोवाले, यंत्रावर वाजवणारे. म्हणजे गिटार घेतलेल्या गोऱ्या तरुणांचा चमू हे ज्या मतदाराच्या मनातले रॉकचे चित्र आहे, त्या चित्रात न बसणारे. अपवाद आहेत, ‘जुडास प्रीस्ट’सारखा गोऱ्या वादकांचा चमूही २०२२ साली त्याच दरवाजाने आला. पण एकूण कल लपत नाही. मतदार चुकत असतील तर मतदारवर्ग बदलावा, वाढवावा. पूर्वी आत गेलेलेच पुढच्यांना निवडणार, आणि पूर्वी गेलेल्यांत स्त्रिया मोजक्याच, तर यादी आपलीच नक्कल करीत राहणार. त्यावर बाजूचा दरवाजा हा उपाय नाही. त्यामुळे मूळ दोष झाकला जातो आणि मतदाराला आपले कान तपासण्याची वेळच येत नाही.

दुसऱ्या युक्तिवादाला उत्तर मुनीर एर्तेगुन यांनी आधीच देऊन ठेवले आहे. त्या सिनेटरचाही काळ्या माणसांनी घरात येण्यालाच आक्षेप होता असे दिसत नाही. नोकरचाकर म्हणून ती माणसे मोठ्या घरांत रोजच येत होती. त्याला खटकला तो दरवाजा. दरवाजा क्षुल्लक असता तर तक्रारीचे पत्र लिहिण्याचे कष्ट त्याने घेतले नसते.

मतदाराचे कान कसे तयार होतात, याचा एक उघड पुरावा २०२३ साली मिळाला. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाचे संस्थापक आणि या कीर्तिमंदिराच्या संस्थापकांपैकी एक असलेले जॅन वेनर यांनी ‘द मास्टर्स’ नावाचे मुलाखतींचे पुस्तक काढले. त्यात सात मुलाखती होत्या आणि सातही गोऱ्या पुरुषांच्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याचे कारण विचारले, तेव्हा स्त्रिया आणि काळे कलावंत त्या वैचारिक पातळीवर पुरेसे बोलू शकत नाहीत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांनी नंतर माफी मागितली, पण त्याआधीच मुलाखत छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेने त्यांना संचालक मंडळावरून दूर केले होते. हे योग्यच झाले. तरीही एक माणूस काढल्याने प्रश्न संपत नाही. कारण ज्या कसोटीवर नावे तोलली गेली, ती कसोटी घडवण्यात त्या माणसाचा आणि त्याच्या नियतकालिकाचा दोन पिढ्या हात होता.

आता आपल्या वाचकांच्या मनात साहजिकच येणाऱ्या एका प्रश्नाकडे वळतो. या मंदिरात मुसलमान कलावंत आहेत काय? आहेत. लंडनमध्ये १९४८ साली जन्मलेले कॅट स्टीव्हन्स यांनी १९७७ च्या अखेरीस इस्लाम स्वीकारला आणि पुढच्या वर्षी युसूफ इस्लाम हे नाव घेतले. गिटारी विकून पैसा दान केला, संगीत सोडले, लंडनमध्ये शाळा काढली. जवळजवळ पाव शतकाहून अधिक काळानंतर, मुलाने घरात आणलेली गिटार एके दिवशी हातात घेतली आणि २००६ साली नवा संग्रह काढला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९६६ ची, म्हणजे नियमाप्रमाणे ते १९९० च्या दशकाच्या आरंभीच पात्र झाले होते. प्रवेश मिळाला २०१४ साली. मधल्या काळात रश्दी प्रकरणातील १९८९ च्या विधानांवरून ते वादात सापडले, आणि २००४ साली तर ते बसलेले विमान वाटेत उतरवून त्यांना अमेरिकेत प्रवेश नाकारण्यात आला. त्याच देशाच्या मंचावर दहा वर्षांनी उभे राहून त्यांनी आपली जुनी गाणी म्हटली. मंदिराच्या वहीत नाव मात्र कॅट स्टीव्हन्स असेच आहे.

यावरून काहींना अभिमान वाटेल, काहींना संशय येईल की धर्मामुळेच उशीर झाला. मी दोन्ही टोकांपासून दूर राहू इच्छितो. युसूफ यांचा हक्क १९७० आणि १९७१ मधील ‘टी फॉर द टिलरमन’ आणि ‘टीझर अँड द फायरकॅट’ या दोन संग्रहांवर उभा आहे. बाप आणि मुलगा यांच्यातले न संपणारे भांडण एकाच गळ्यातून दोन आवाजांत मांडणारा तो गायक आहे. हे गाणे चांगले म्हणून त्याला आत घ्यावे. तो मुसलमान झाला म्हणून नव्हे. आणि १९८९ चे विधान कोणाला कितीही चुकीचे वाटले, तरी त्यामुळे १९७० चे गाणे बेसूर होत नाही. गाण्याचा न्याय गाण्यानेच व्हावा.

हीच कसोटी ‘कूल अँड द गँग’ या चमूला लावू. रॉबर्ट आणि रोनाल्ड बेल या दोन भावांनी न्यू जर्सीत उभारलेला हा चमू १९६४ पासून वाजवतो आहे. दोघा भावांनी इस्लाम स्वीकारला. रोनाल्ड यांचे नाव खालिस बायान. १९८० सालचे त्यांचे ‘सेलिब्रेशन’ हे गाणे जगात लग्नापासून क्रिकेटच्या सामन्यापर्यंत सर्वत्र वाजते. आदमच्या निर्मितीची आणि फरिश्त्यांची हकिगत कुराणात वाचताना ते सुचले, असे खालिस यांनी सांगितले आहे. त्यांच्या वादनाचे तुकडे कापून रॅपच्या एका पिढीने आपली गाणी बांधली. हा चमू १९९० च्या दशकापासून पात्र होता. मतपत्रिकेवर नाव आले २०२४ साली, आणि त्याच वर्षी निवड झाली. खालिस २०२० सालीच अल्लाहला प्यारे झाले होते. या चमूला ‘कलावंत’ म्हणून, समोरच्या दरवाजाने घेतले, याचे मला समाधान आहे. पण ज्याच्या हातून गाणे घडले तो तो दिवस पाहू शकला नाही.

महाराष्ट्राशी थेट नाते असलेले एक नावही या यादीत आहे. ‘क्वीन’ या चमूचे फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेले पारशी कुटुंबातले फारुख बलसारा, शिकले आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. शाळेतल्या मुलांचा पहिला वाद्यवृंद त्यांनी तेथेच जमवला. ‘क्वीन’ २००१ साली आत गेले. पाचगणीला त्याचा अभिमान वाटावा हे ठीकच. पण आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा एक माणूस आत गेला की आपले समाधान होते आणि मग दरवाजाचा प्रश्न आपण विसरतो. हा मोह टाळला पाहिजे. आपला माणूस समोरून गेला आणि थॉर्नटन बाजूने गेली, तर आपण आनंद मानावा की लाज बाळगावी?

अहमद एर्तेगुन यांच्याकडेही याच नजरेने पाहायला हवे. त्यांच्याविषयी आपल्याला आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. १४ डिसेंबर २००६ रोजी ते न्यूयॉर्कमध्ये वारले आणि त्यांना इस्तंबूलमध्ये, एका जुन्या सूफी तेक्क्याच्या कबरस्तानात, वडिलांच्या आणि भावाच्या शेजारी दफन करण्यात आले. तेक्के म्हणजे आपल्याकडची खानकाह. पण त्याच एर्तेगुन यांच्या कंपनीला जिने आरंभी पायावर उभे केले, त्या रूथ ब्राऊनला १९६० च्या दशकात पोट भरण्यासाठी घरकाम करावे लागले, बस चालवावी लागली. तिची गाणी विकली जात होती, मानधन मात्र पोहोचत नव्हते. तिने आणि तिच्या वकिलाने वर्षानुवर्षे लढा दिला. १९८८ साली अटलांटिकने तिची आणि इतर अनेक जुन्या कलावंतांची थकबाकी देण्याचे मान्य केले आणि अशा कलावंतांच्या मदतीसाठी ‘रिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ उभे राहायला पैसा दिला. एर्तेगुन १९८७ साली कीर्तिमंदिरात गेले होते. रूथ ब्राऊन १९९३ साली गेली. घराचा समोरचा दरवाजा उघडा असला तरी तिजोरीचा दरवाजा वेगळा असू शकतो, हे या उदाहरणावरून कळते.

मग कोणी म्हणेल, असली मंदिरे हवीत कशाला? ‘सेक्स पिस्टल्स’ या चमूने २००६ साली तिखट पत्र लिहून हा सन्मान झिडकारलाच होता. हा बाणा मला आवडतो, पण तो ज्यांचे नाव आधीच झाले आहे त्यांना परवडतो. थार्प यांच्या कबरीवर शिळा नव्हती, त्यांना झिडकारण्याची चैन कोठून परवडणार? कीर्तिमंदिरात नाव लागले की जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हा निघतात, शाळांच्या सहली येऊन नाव वाचतात, वारसांना चार पैसे मिळतात, पुढचा इतिहासकार त्या यादीपासून आरंभ करतो. म्हणून यादी बरोबर असणे महत्त्वाचे आहे.

कोण पात्र, याविषयी माझे मत थोडक्यात असे. एक, ज्याच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणाने संगीताची दिशा बदलली तो ‘कलावंत’, मग पैसा आणि नाव दुसऱ्याला का मिळेना. दोन, ‘प्रभाव’ हा विभाग १९५० पूर्वी ज्यांचे मुख्य कार्य संपले त्यांच्यापुरताच ठेवावा. तीन, रॉक म्हणजे अमुक वाद्य किंवा अमुक कातडी, ही व्याख्या सोडावी. नायजेरियाचे फेला कुटी २०२१ च्या मतपत्रिकेवर होते आणि चाहत्यांच्या कौलात टीना टर्नरच्या खालोखाल दुसरे आले. तरी मतदारांनी त्या वर्षी त्यांना नाकारले, आणि पुढच्याही वर्षी. चाहत्यांना जे ऐकू आले ते तज्ज्ञांना ऐकू आले नाही.

पहिल्या कसोटीने थार्प आणि थॉर्नटन दोघींची जागा ‘कलावंत’ या विभागात आहे. थार्प यांचा काळ दुसऱ्या कसोटीच्या सीमेवर येतो हे खरे. परंतु त्या १९६० च्या दशकातही इंग्लंडमध्ये गिटार वाजवीत होत्या आणि तेथील तरुण ते पाहून शिकत होते. म्हणून त्यांना मी पूर्वजांत बसवणार नाही.

झालेली चूक आता कशी दुरुस्त करणार, असे म्हणण्याचेही कारण नाही. या संस्थेने स्वतःच एकदा तसे केले आहे. १९८६ साली बडी हॉली आणि जेम्स ब्राऊन आत गेले, पण त्यांच्या पाठीशी उभे असलेले ‘क्रिकेट्स’ आणि ‘फेमस फ्लेम्स’ बाहेर राहिले. २०१२ साली एक खास समिती नेमून असे सहा चमू एकदम आत घेतले, आणि घेतले ते ‘कलावंत’ म्हणून. सव्वीस वर्षांनी वही उघडून दुरुस्ती करता येते हे तेव्हा सिद्ध झाले. मग सिस्टर रोझेटा थार्प आणि बिग मामा थॉर्नटन यांची नावे एका पानावरून दुसऱ्या पानावर नेण्यास कोणती अडचण आहे? त्यांना नव्याने प्रवेश द्यायचा नाही. त्या आत आहेतच. त्या कोणत्या दरवाजाने आल्या, तेवढी नोंद बदलायची आहे. ज्या संस्थेच्या एका पुरस्काराला एर्तेगुन हे नाव आहे, त्या संस्थेला हे जड जाऊ नये.